पाणबुडीच्या आराखड्यात तिची जागा

२०११ सालच्या अखेरीस अमेरिकेच्या चार पाणबुड्यांवर एका अरुंद दारावर पाटी लागली. दार स्वच्छतागृहाचे. पाटी फिरवता येणारी: आत बाई असेल तर एक बाजू पुढे, पुरुष असेल तर दुसरी. वायोमिंग, जॉर्जिया, मेन आणि ओहायो ही त्या पाणबुड्यांची नावे. अशा प्रत्येक पाणबुडीला दोन चमू असतात, एक समुद्रात असताना दुसरा किनाऱ्यावर. म्हणजे चमू आठ. प्रत्येकात तीन महिला अधिकारी, एकूण २४. तीनच का, याचे उत्तर अगदी साधे आहे. या पाणबुड्यांत अधिकाऱ्यांच्या खोलीत एकावर एक तीन बंक असतात. एक खोली तिघींना दिली की झाले. तिघींपैकी दोघी पाणबुडीचे तांत्रिक काम नव्याने शिकून आलेल्या आणि तिसरी पुरवठा विभागातली, थोडी अधिक मुरलेली. अमेरिकी नौदलाने पहिली पाणबुडी १९०० साली घेतली. त्यानंतर १११ वर्षे या बोटींच्या चमूत स्त्रियांना जागा नव्हती. जागा करायचे ठरले, तेव्हा खोल्यांचे फेरवाटप आणि एक पाटी यांवर काम सुरू झाले.

आपल्याकडेही गाडी स्वच्छतागृहापाशीच अडली होती. नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्यायचे की नाही, या खटल्यात सरकारच्या वतीने मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक असा होता, की रशियन बनावटीच्या जहाजांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची सोय नाही. १७ मार्च २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या पीठाने तो युक्तिवाद नाकारला आणि कायमस्वरूपी कमिशनचा मार्ग मोकळा केला.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे वेगाने गेली. २०२० मध्येच दोन महिला अधिकाऱ्यांची युद्धनौकांवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांवर निरीक्षक म्हणून निवड झाली. २०२२ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी मुलांबरोबर संचलन करत पदवी घेऊन बाहेर पडल्या. अग्निपथ योजनेत मुली प्रथमच खलाशी म्हणून भरती झाल्या आणि मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्का येथून प्रशिक्षण पुरे करून निघाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत शिकलेल्या प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे आयएनएस त्रिंकटचे नेतृत्व आले. भारतीय युद्धनौकेच्या कप्तानपदी बसलेल्या त्या पहिल्या महिला. १९९२ साली नौदलाने स्त्रियांना शिक्षण, रसद, कायदा अशा मोजक्या शाखांत घेतले होते, तिथून इथवरचा हा पल्ला कमी नाही.

पाणबुडी मात्र राहिली. सगळ्या शाखा खुल्या, पाणबुडी वगळून, असेच सरकारचे उत्तर येत राहिले. हे ‘वगळून’ किती दिवस चालवायचे, याचा निर्णय आता व्हायला हवा, कारण त्याची वेळ निघून चालली आहे. ती कशी, हे सांगण्याआधी पाणबुडीत राहणे म्हणजे काय असते ते नीट पाहायला हवे. ज्यांना या प्रस्तावाची काळजी वाटते, त्यांची काळजी हवेतून आलेली नाही.

माझगाव डॉकमध्ये बांधलेली कलवरी वर्गाची पाणबुडी साधारण साडेसदुसष्ट मीटर लांब आहे. मुंबईच्या लोकलचे तीन डबे एकापुढे एक ठेवले तर जवळपास एवढेच अंतर भरते. त्या लांबीतला मोठा हिस्सा इंजिन, बॅटऱ्या, टॉर्पेडो आणि टाक्या घेतात. उरलेल्या जागेत ४० हून अधिक माणसे कित्येक आठवडे राहतात. खिडकी नाही. दिवस कोणता नि रात्र कोणती, हे घड्याळ आणि पाळी सांगते. पाण्याचा वापर मोजून. हवा तीच ती, यंत्रांतून फिरवून आणि शुद्ध करून घेतलेली. डिझेल, तेल, स्वयंपाक आणि घाम यांचा मिळून एक वास कपड्यांत इतका भिनतो, की घरी आल्यावर गणवेश आधी बाहेर ठेवला जातो. अनेक नौदलांच्या लहान पाणबुड्यांत माणसांपेक्षा बंक कमी असतात. एक जण पाळीवर गेला की त्याच्या ऊबदार बंकवर दुसरा येऊन पडतो. घरी फोन नाही, कारण पाणबुडीचे सारे बळ तिचा ठावठिकाणा कुणाला न कळण्यात आहे. अशा जागी बाई-पुरुष एकत्र कसे राहणार, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो विचारण्यात गैर काही नाही.

पण त्याचे उत्तर चार दशकांपूर्वीच एका देशाने देऊन ठेवले आहे.

नॉर्वेने १९८५ साली पाणबुड्या स्त्रियांसाठी खुल्या केल्या. दहा वर्षांनी, सप्टेंबर १९९५ मध्ये, सोलवाई क्राय यांनी कोब्बेन या पाणबुडीची सूत्रे हाती घेतली. लष्करी पाणबुडीच्या कप्तान झालेल्या त्या जगातल्या पहिल्या महिला. कोब्बेन किती मोठी होती? सुमारे ४७ मीटर, म्हणजे लोकलचे सव्वादोन डबे. वजनाने कलवरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्याशा बोटीत बायकांसाठी वेगळे दालन काढायचे म्हटले तरी काढणार कुठून? त्यांनी ते काढलेच नाही. एकाच दालनात, आपापल्या बंकचा पडदा ओढून, माणसे झोपत राहिली. डेन्मार्क आणि स्वीडन हेही देश ऐंशीच्या दशकाच्या शेवटी याच वाटेने गेले. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये कॉलिन्स वर्गाच्या पाणबुड्यांवर महिलांना घेतले, कॅनडाने २००१ मध्ये बंदी उठवली. मोठ्या आणि बलाढ्य नौदलांना मात्र जाग उशिरा आली. अमेरिकेने धोरण बदलले ते २०१० मध्ये, ब्रिटनने २०११ मध्ये. ब्रिटनच्या पहिल्या तीन महिला अधिकाऱ्यांनी २०१४ साली पाणबुडीवाल्यांचे मानाचे डॉल्फिनचिन्ह मिळवले. फ्रान्सच्या अण्वस्त्रधारी पाणबुडीवर २०१८ मध्ये चार महिला अधिकारी गस्तीला गेल्या. जपाननेही २०१८ मध्ये मनाई काढली आणि २०२० मध्ये महिलांना पाणबुडीचे प्रशिक्षण सुरू केले. दक्षिण कोरियाच्या पाणबुड्यांवर २०२४ पासून स्त्रिया आहेत. जपान आणि कोरिया या दोन नावांपाशी भारतीय वाचकाने क्षणभर थांबावे. कुटुंब, लाज आणि पुरुषांचे वडीलपण यांबाबत हे समाज स्कँडिनेव्हियापेक्षा आपल्या अधिक जवळचे आहेत. ‘तिकडचे लोक वेगळे’ हे उत्तर त्यांच्या बाबतीत चालत नाही.

जागेच्या आक्षेपात एक खरा अडसर आहे, आणि तो स्वच्छतागृहापेक्षा गुंतागुंतीचा आहे. समजा ४० जणांच्या चमूत सहा बंकांचा एक कप्पा स्त्रियांसाठी राखला. एका सफरीला चारच प्रशिक्षित स्त्रिया उपलब्ध झाल्या, तर दोन बंक रिकामे जातात. जमिनीवरच्या कचेरीत दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर कुणाचे अडत नाही. पाणबुडीत दोन माणसे कमी म्हणजे सोनारवरच्या किंवा यंत्रदालनातल्या दोन पाळ्या इतरांच्या झोपेतून काढायच्या. उलट आठ स्त्रिया योग्य असल्या तर दोघींना केवळ बंक नाही म्हणून किनाऱ्यावर बसावे लागते. लोकलच्या बायकांच्या डब्यावर वाढलेल्या मुंबईकराला राखीव जागेचे मोल सांगायला नको आणि तिची मर्यादाही. गर्दीच्या वेळी तो डबा आधार असतो. पण गाडीत तेवढीच जागा आपली, असा त्याचा अर्थ लावला गेला की तोच डबा कुंपण होतो. म्हणून पाणबुडीत राखीव कप्पा ही सुरुवातीची सोय मानावी, कायमची नव्हे. कुठल्याही सफरीत स्त्री-पुरुषांची संख्या बदलली तरी चालेल, अशी दोन-चार बंकांची छोटी, बंद होणारी दालने हा पुढचा टप्पा. ती दालने पोलादात नंतर सहजी बसवता येत नाहीत.

आता शरीराचे प्रश्न. ब्रिटनने बंदी टिकवून धरली होती ती मुख्यतः हवेच्या कारणाने. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. बुडालेल्या पाणबुडीत तो काही हजारांवर जातो. प्रौढ, निरोगी माणसाला तो सोसतो. गर्भाला सोसेल का, ही भीती होती. ब्रिटनच्या नौदल वैद्यकीय संस्थेने पुन्हा तपासणी केली, तेव्हा असे दिसले की गरोदर स्त्रीने पाणबुडीवर जाऊ नये एवढेच वैद्यकीय कारण उरते. सगळ्याच स्त्रियांना दूर ठेवायला आधार नाही. या निष्कर्षानंतर तिथली बंदी गेली. अणुपाणबुडीत किरणोत्साराची भीतीही अशीच पारखून पाहावी लागते. अणुभट्टीभोवतीचे संरक्षक कवच तिचे किरण अडवते आणि डोक्यावरच्या पाण्यामुळे बुडालेल्या पाणबुडीतल्या माणसाला अवकाशातून येणारे किरण जमिनीवरच्या माणसापेक्षा कमी लागतात. गरोदरपणाचा नियम स्पष्ट, कागदावर असलेला आणि अपमान न करणारा हवा: सफरीआधी चाचणी, दिवस गेले असतील तर किनाऱ्यावरचे तितकेच महत्त्वाचे काम आणि परतल्यावर तोच हुद्दा, तीच ज्येष्ठता. आपल्याला हा नियम परदेशातून उसना आणायची गरज नाही. मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनीच्या आवारात नौदलाची स्वतःची वैद्यकीय संशोधन संस्था आहे आणि सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकपदावर २०२४ मध्ये आलेल्या पहिल्या महिला, सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन, या नौदलाच्याच. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या.

ताकदीचा मुद्दा अधिक थोडक्यात संपतो. पाणबुडीत आग लागली की धुरात मुखवटा चढवून, होज ओढत, जखमी सोबत्याला अरुंद झाकणातून बाहेर काढावे लागते. ज्याला हे जमत नाही त्याने बोटीवर असू नये, मग तो कुणीही असो. कसोटी एक ठेवावी आणि सगळ्यांना लावावी. सोबत हेही पाहावे की अवजार माणसाच्या मापाचे आहे का. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी नौदलात सामील झालेली न्यू जर्सी ही पाणबुडी मिश्र चमूसाठी पूर्णपणे आखलेली तिथली पहिली हल्लेखोर पाणबुडी. त्यात बदल कोणते केले? डोक्यावरचे व्हॉल्व्ह थोडे खाली आणले, फिरवायला सोपे केले. वरच्या बंकवर चढायला पायऱ्या दिल्या. दारे आणि धुण्याच्या जागा वाढवल्या. यातला कोणता बदल बुटक्या पुरुष खलाशाला नको असेल?

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे, आणि या विषयाच्या बाजूने बोलणारे त्याच्यावरून घाईने पुढे जातात. तसे करणे चूक आहे.

सुरुवातीला सांगितलेली वायोमिंग पाणबुडी आठवावी, पाटी लागलेल्यांपैकी एक. त्याच पाणबुडीवर काही खलाशांनी महिला अधिकाऱ्यांचे अंघोळीच्या जागेतले चोरून चित्रण केले आणि ते आपसांत वाटले. हे उघड झाले २०१४ मध्ये. मुख्य आरोपीला दोन वर्षांची कैद झाली. म्हणजे दारावर पाटी होती, दार बंद होत होते, पाणबुडी चालत होती आणि तरीही पलीकडे कॅमेरा होता. फ्लोरिडा ही महिला खलाशांना घेणारी अमेरिकेची दुसरी पाणबुडी. तिच्यावर २०१८ साली पुरुष खलाशांनी सहकारी स्त्रियांच्या अश्लील याद्या तयार केल्या, कुणाला किती गुण, कुणाशी काय करावे असल्या. याद्या वरिष्ठांपर्यंत पोचल्या, पण त्यांचा छडा धसास लागला नाही, म्हणून कप्तानाला पदावरून जावे लागले. ब्रिटनमध्ये पाणबुडी दलातल्या स्त्रियांच्या छळाची आणि दादागिरीची चौकशी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहवाल आला आणि नौदलप्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

या घटना वाचून कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच नको. पण त्यात एक वाकडी गोष्ट आहे. चोरून चित्रण केले कुणी, याद्या केल्या कुणी? गुन्हा एकाने करायचा आणि नोकरी दुसरीची जायची, हा न्याय कुठल्याही पोलीस ठाण्यात टिकणार नाही. शिवाय ज्या दलात एखादा माणूस सोबत्याच्या अंगावर कॅमेरा रोखतो, त्याच्या हाती अण्वस्त्रांच्या साखळीतला एखादा दुवा देणे कितपत सुरक्षित, हा प्रश्न स्त्रिया असोत नसोत, विचारायलाच हवा. पाणबुडीवर प्रत्येकाला प्रत्येकाचे काम ठाऊक असावे लागते. नव्या माणसाला बोटीवरची प्रत्येक वाहिनी, प्रत्येक व्हॉल्व्ह अंधारात हात लावून सांगता आला, तरच छातीवर डॉल्फिन लागतो. या व्यवस्थेचा पायाच शेजारच्याच्या हातावर जीव सोपवण्याचा आहे. शेजारचा तसा नसेल, तर तो डॉल्फिन त्याने का लावावा?

या घटनांतून भारताने उचलायच्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत. पहिली, एखादीच बाई एकटी कधीही पाठवू नये. चमूत किमान चार-पाच जणी, त्यांत एक तरी वरच्या हुद्द्याची. अमेरिकेने दोन नव्या अधिकाऱ्यांबरोबर एक अनुभवी जोडली, ती हाच विचार करून. दुसरी, तक्रारीचा मार्ग कप्तानापाशी सुरू होऊन कप्तानापाशी संपता कामा नये. समुद्रात कप्तान हाच राजा असतो. त्यामुळे बंदरात पाय ठेवताच त्याच्या साखळीबाहेरच्या अधिकाऱ्याशी बोलण्याची सोय हवी, आणि ती सर्वांना ठाऊक हवी. तिसरी, छळ दडवणाऱ्या कप्तानाची कारकीर्द तिथेच थांबली पाहिजे. फ्लोरिडाच्या बाबतीत तसे घडले, आणि पाणबुडीच्या बंद जगात एका कप्तानाला खाली उतरवले गेल्याची बातमी शंभर परिपत्रकांपेक्षा लांब जाते.

घरच्यांची घालमेलही खरी आहे. अमेरिकेत धोरण बदलताना पाणबुडीवाल्यांच्या काही पत्नींनी उघड विरोध केला होता. नवरा दोन-तीन महिने संपर्काबाहेर जातो, तोही परस्त्रियांसोबत एका बंद नळकांड्यात, या कल्पनेने कुणाचाही जीव कासावीस होईल. पण घरदार सोडून गेलेले पुरुष आणि स्त्रिया दीर्घकाळ एकत्र काम करतात, ते फक्त पाणबुडीतच नाही. रुग्णालयाच्या रात्रपाळीत, अंटार्क्टिकावरच्या तळावर, तेलविहिरींच्या फलाटांवर हेच चालते. प्रेमे जुळतील, घरे मोडतीलही. नियम काटेकोर आणि वरपासून खालपर्यंत सारखे असले, तर काम मोडत नाही. ब्रिटनमध्ये अण्वस्त्रधारी पाणबुडीच्या कप्तानालाच महिला सहकाऱ्याशी संबंधांच्या आरोपावरून पद सोडावे लागले होते. नियम कप्तानालाही लागला, हे महत्त्वाचे.

आणि मरण? युद्धात, अपघातात, खोल पाण्यात मरणे हे स्त्रीच्या वाट्याला येऊ नये, असे मनापासून वाटणारे अनेक जण आहेत, त्यांत आईबाप आहेत. मुंबईला हे दुःख परके नाही. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर नौदल गोदीत उभ्या असलेल्या आयएनएस सिंधुरक्षक या पाणबुडीत स्फोट झाले. आत असलेल्या १८ जणांपैकी कुणीही वाचले नाही. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईजवळ समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत धूर कोंडून दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांतातली एलिआना क्राव्हचिक ही त्या देशाची, आणि साऱ्या दक्षिण अमेरिकेची, पहिली महिला पाणबुडी अधिकारी. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी सान हुआन ही पाणबुडी ४४ जणांसह दक्षिण अटलांटिकमध्ये नाहीशी झाली. वर्षभराने ती सुमारे ९०० मीटर खोलीवर सापडली. एलिआना त्या ४४ जणांत होती. तिच्या मागे राहिलेल्या लोकांनी तिला आठवले ते शस्त्रविभागाची जबाबदारी सांभाळणारी अधिकारी म्हणून. तिच्या जाण्याचा शोक बाकीच्या ४३ घरांच्या शोकाएवढाच आहे, कमीही नाही नि वेगळाही नाही.

तरीही कुणी विचारेल, एवढे सोसून स्त्रियांना पाणबुडीवर घ्यावेच का? समतेचा हक्क हे एक उत्तर, आणि ते पुरेसे आहे. पण नौदलाच्या दृष्टीने दुसरे उत्तरही तितकेच निकडीचे आहे. पाणबुडीला लागणारी माणसे मिळणे जगभर अवघड होत चालले आहे. यंत्र, वीज, ध्वनी, अणुविज्ञान शिकलेली, कोंडून राहायला तयार आणि मनाने स्थिर अशी तरुण माणसे बाजारात दुसऱ्या नोकऱ्यांनाही हवी असतात. अमेरिकेने धोरण बदलताना हेच कारण पुढे केले होते: तांत्रिक पदव्या घेणाऱ्यांतला मोठा वाटा आता मुलींचा आहे आणि अर्ध्या गुणवत्तेला दार बंद ठेवणे परवडत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात डोकावले, तर हे कारण इथेही लागू पडते हे दिसते.

कोंडून राहण्याची तयारी स्त्रियांत असते का, याचा पुरावा तर गोव्याच्या धक्क्यावरच बांधलेला आहे. आयएनएसव्ही तारिणी ही शिडाची होडी गोव्यात, दिवाडी बेटावरच्या कारखान्यात तयार झाली. लांबी ५६ फूट. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा जणींनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच होडीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्याला परतल्या. आठ महिने, सुमारे २५ हजार सागरी मैल. वाटेत जमिनीपासून सर्वांत दूर असलेला प्रशांत महासागरातला बिंदू, नेमो, त्यांनी ओलांडला. केप हॉर्नची वादळे अंगावर घेतली. लोकलच्या एका डब्याहून लहान होडीत, एकमेकींच्या भरवशावर, आळीपाळीने झोपून. याच नौदलाच्या या अधिकारी. त्यांच्यासारख्या मुलीने पाणबुडीसाठी नाव दिले, तर तिला विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहन या पाणबुडी प्रशिक्षण केंद्रात बसू न देण्याचे कारण काय सांगणार?

वेळ निघून चालली आहे असे वर म्हटले, ते याचसाठी. पाणबुडी ही बस नव्हे, की पुढच्या वर्षी आसनांची मांडणी बदलली. स्कॉर्पिन, म्हणजे कलवरी वर्गाच्या, पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. पहिली, कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली. दुसरीला नाव मिळाले थळच्या समुद्रातल्या शिवरायांच्या खांदेरी किल्ल्याचे, ती २०१९ मध्ये. सहावी, वाघशीर, जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे २००५ मध्ये जे कागदावर आखले गेले, ते शतकाच्या मध्यापर्यंत पोलादात राहणार. त्या करारावेळी महिला खलाशांच्या बंकांचा विचार कुणी केला नसेल तर त्याला दोष देता येणार नाही. तेव्हा महिला युद्धनौकेवरही नव्हत्या. आज तो विचार न करणे मात्र अक्षम्य ठरेल. माझगाव डॉक आणि जर्मनीची थिसेनक्रुप यांच्या साथीने ‘प्रकल्प ७५ आय’ मधल्या सहा नव्या पाणबुड्या घडवायच्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने दोन अणुहल्लेखोर पाणबुड्या देशातच बांधायला मंजुरी दिली. या आठ पाणबुड्यांची दालने, बंक, दारे आणि नळ कसे असतील, हे आता ठरायचे आहे. दोन-चार बंकांची बंद दालने, दोन ठिकाणी विभागलेली स्वच्छतागृहे, आटोपशीर उंचीवरचे व्हॉल्व्ह: आराखड्यात हे घालायला काही रेघा लागतात, बांधून झाल्यावर घालायला कोट्यवधी रुपये आणि गोदीतली कित्येक वर्षे.

दरम्यान हात बांधून बसायचेही कारण नाही. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स या तिघांनीही सुरुवात मोठ्या अणुपाणबुड्यांपासून केली, कारण तिथे खोल्यांची थोडी मोकळीक असते. अरिहंत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल झालेली अरिघात या आपल्या त्याच जातीच्या बोटी, कलवरीपेक्षा बऱ्याच मोठ्या. तिथे एका चमूत चार अधिकारी घेऊन आरंभ करता येईल. पहिल्या दोन-तीन सफरींचे अनुभव, चुकांसकट, लिहून काढावेत आणि ते प्रकल्प ७५ आय च्या आराखडेकारांच्या टेबलावर ठेवावेत. डिझेल पाणबुड्यांत सध्या जे जमत नाही ते जमत नाही असे सरळ म्हणावे. पण त्याला तारीख असावी.

मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडलेल्या त्या १७ जणी आपापल्या दलाच्या पुढच्या प्रशिक्षणाकडे वळल्या. त्यांचे वय बावीसच्या आसपास. कलवरीला करारापासून पाण्यात उतरून नौदलात येईपर्यंत बारा वर्षे लागली. नव्या पाणबुड्यांनाही तेवढाच काळ लागला, तर पहिली बोट येईल तेव्हा त्यांतल्या नौदलातल्या मुली तिशी ओलांडून पाणबुडीवर दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची सांभाळण्याच्या वयात असतील. त्या खुर्चीसाठी आज कुणी त्यांना सातवाहनला पाठवायला हवे, आणि माझगावच्या आरेखन कक्षात कुणी तरी त्यांच्या बंकसाठी एक रेघ ओढायला हवी.